गेणभाऊंचा अकरा एकर माळ

आमचे शेजारी गेणभाऊ संध्याकाळी माळावरून उतरले की बांधाजवळच्या एका दगडावर बसायचे आणि धोतराला चिकटलेली कुसळं एकेक करून काढायचे. यात नवल काही नाही. निमगाव साव्याच्या बाजूला कार्तिकात माळातून चालत आलेला प्रत्येक माणूस हेच करतो. फरक एवढाच, की आपण कुसळ काढून कुठंही टाकतो आणि गेणभाऊ ती तळहातावर जमा करायचे. मूठ भरली की उठायचे, बांधापाशी जायचे, माळाच्या आत हात घालून मूठ उघडायचे, धोतर पुन्हा एकदा झटकायचे आणि मगच घराकडं वळायचे. अर्धा तास सहज जायचा. यमुनाकाकूंनी टाकलेला चहा तोवर दोनदा गरम करून झालेला असायचा.

मी एकदा विचारलं, हे कशासाठी?

"कागदात हाय," गेणभाऊ म्हणाले. "माळातलं काय बी भाईर न्यायचं न्हाई."

हा नियम त्यांच्यापुरताच असता तर कुणाची हरकत नव्हती. पण माळ तुडवून येणाऱ्या प्रत्येकाची झडती व्हायची. एकदा तलाठी भाऊसाहेब हद्दीच्या खुणा बघायला आले होते. उतरताना गेणभाऊंनी त्यांना त्याच दगडावर बसवलं आणि त्यांच्या टेरिकॉटच्या पँटमधली कुसळं स्वतः वेचली. भाऊसाहेब दोन्ही पाय लांब करून आभाळाकडं बघत होते. पुढं बरीच वर्षं त्या माळाचा कुठलाही कागद लागला तर ते जाग्यावर न येता चावडीतूनच देत.

गेणभाऊ आणि आम्ही बांधाला बांध. मी गावच्या हायस्कुलात कारकून, त्यामुळं सगळी वस्ती मला भाऊ म्हणते. फक्त गेणभाऊ मला कारकून म्हणत. त्यांच्या मते भाऊ कुणीही असतो, कारकून गावात एकच. गेणभाऊ अंगानं उंच, वाळकी काठी, डोक्याला पांढरी टोपी, बोलणं कमी. वडील मेंढरं घेऊन फिरणारे. मग त्यांनी इथं जमीन घेतली, विहीर पाडली आणि एका जागी टेकले. विहिरीभोवतीची चार एकर बागायत, त्यात कांदा, आणि वरच्या अंगाला हा अकरा एकर माळ. खडक, मुरूम, पवन्या, मारवेल, कुसळी, तरवड, चार-दोन हिवर, बोरी, एक आपटा. वर उभं राहिलं की हवा स्वच्छ असेल तेव्हा खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना दिसतात. बाकी त्या माळावरून काही मिळतं असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

गेणभाऊंचा मुलगा बबन भोसरीला कंपनीत आहे. दोन हजार सालाच्या सुमाराला आमच्याकडं जेसीबी आले आणि सगळ्या तालुक्याला माळ सपाट करायचं वेड लागलं. खडक फोडायचा, धरणातली काळी माती आणून पसरायची, डाळिंब लावायचं. बबन दर रविवारी यायचा आणि माळाकडं हात करून बोलायचा. त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. आजूबाजूचे सगळे माळ गेलेच होते, त्यांच्या जागी तारेची कुंपणं होती. गेणभाऊ ऐकून घ्यायचे आणि शेवटी "बघू" म्हणायचे. बघू म्हणजे नाही, हे बबनला कळत होतं. म्हातारा फार दिवस टिकणार नाही हेही कळत होतं. म्हणजे विरोधात टिकणार नाही, असं म्हणायचंय मला.

अशात पुण्याची एक संस्था गावात आली. ग्रामपंचायतीत सभा झाली. आम्हाला वाटलं ठिबकची सबसिडी, म्हणून गर्दी चांगली होती. संस्थेच्या मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवली. पहिलं चित्र माळाचं होतं. लोकांना वाटलं, हा दुष्काळ, आता पुढच्या चित्रात ठिबक येणार. पुढच्या चित्रातही माळच होता. मग मॅडमनी समजावून सांगितलं, की ज्यांच्या मालकीच्या जमिनीवर मूळचं गवत, मूळची झाडं शिल्लक आहेत, त्यांनी ती तशीच राहू दिली तर संस्था त्यांना दर वर्षी एकरामागं काही रक्कम देईल. कुणीतरी विचारलं, पण करायचं काय? मॅडम म्हणाल्या, काहीच नाही. तोडायचं नाही, जाळायचं नाही, खोदायचं नाही, लावायचं नाही. आमच्या गावानं आजवर बऱ्याच योजना बघितल्या होत्या, पण इतकी संशयास्पद एकही नव्हती.

हात एकट्या गेणभाऊंनी वर केला.

"किती वर्सं?"

"पाच," मॅडम म्हणाल्या.

"कागद करनार?"

"हो, स्टँपपेपरवर."

"मग करा," गेणभाऊ म्हणाले आणि खाली बसले. दर काय, ते त्यांनी विचारलंच नाही. मला तेव्हा ते वेंधळेपणाचं वाटलं.

करार मीच त्यांना वाचून दाखवला. प्रत्येक कलमाला ते मान हलवत. खोदाई बंद, हो. वणवा बंद, हो. तोड बंद, हो. चराई बंद, हो. खाली मी साक्षीदार म्हणून सही केली. पुढच्या रविवारी बबन जेसीबीवाल्याला घेऊनच आला होता. गेणभाऊंनी स्टँपपेपर त्याच्या हातात दिला आणि पाणी आणायला आत गेले. बबननं तो दोनदा वाचला, घडी घातली, जेसीबीवाल्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. बापाचा शब्द त्यानं कधी मानला नव्हता, पण कंपनीत असल्यामुळं शिक्का मानायची त्याला सवय होती.

आता काही न करण्याचे पैसे मिळतात म्हटल्यावर दुसऱ्या कुणीही घरी बसून काही केलं नसतं. गेणभाऊंना ते पटलं नाही. ते रोज सकाळी धुतलेली टोपी घालून, भाकरीचं फडकं घेऊन माळावर जायचे आणि तिथं जाऊन काही करायचे नाहीत. दिवसभर एका खडकावर बसून. बिडी सोडली, कारण वणव्याचं कलम. बोरीखाली पिकलेल्या बोरांचा सडा पडायचा आणि गेणभाऊ बेल्ह्याच्या बाजारातून बोरं विकत आणायचे. एकदा पायात बोरीचा काटा मोडला. तो घरी आल्यावर यमुनाकाकूंनी सुईनं काढला. गेणभाऊ लंगडत पुन्हा वर गेले आणि काटा ठेवून आले. हे मला काकूंनी सांगितलं. सांगताना त्या हसत नव्हत्या, त्यामुळं मलाही हसता आलं नाही.

मी म्हटलं, निदान रविवारी तरी सुट्टी घ्या.

"गवात काय रयवारी वाढायचं थांबतंय व्हय?" त्यांनी विचारलं.

लोक चेष्टा करायचे. गेणभाऊंकडं त्याला उत्तर तयार असायचं. खोडदकडं बोट दाखवून म्हणायचे, ती अँटेना एवढी मोठी, ती तरी काय करती? आभाळाकडं तोंड करून बसती. तिला कुणी हसत न्हाई.

पहिल्या वर्षाचे पैसे खरोखर आले आणि चेष्टा थांबली. त्याऐवजी अर्ज सुरू झाले. मी लिहितो म्हणून सगळे माझ्याकडं. एकानं सांगितलं, माझं नाव घाला, मला काही न करण्याचा वीस वर्षांचा अनुभव आहे. ते खरंही होतं. पण त्याच्या जमिनीत सगळी वेडी बाभूळ, आणि ती मूळची नव्हे म्हणून मॅडमनी नापास केली. त्यावरून त्यानं गेणभाऊंशी बोलणं सोडलं.

दसऱ्याला पंचाईत झाली. वस्तीला सोनं त्या माळावरच्या एकाच आपट्याचं. गेणभाऊ आपट्याखाली उभे. पोरं, म्हातारी, बाया, सगळी आली. गेणभाऊंनी सांगितलं, पान तोडायचं न्हाई, पण सोनं द्या-घ्यायला माजी मनाई न्हाई. मग आम्ही एकमेकांना आपटा दाखवून "सोनं घ्या" म्हणालो आणि गळाभेट घेतली. बायका वाकून झाडाला हात लावून आल्या. खाली उतरल्यावर सगळ्यांची कुसळं काढण्यात दिवस मावळला. खरं सांगायचं तर मला तो दसरा आवडला होता. ते मी कुणाला बोललो नाही.

दर सहा महिन्यांनी संस्थेला अहवाल द्यावा लागे. छापील फॉर्म असायचा. मी पेन काढून बसलो.

"केलेली कामे?" मी वाचलं.

"काय न्हाई."

"असं कसं लिहायचं? देखरेख केली, संरक्षण केलं, असं काहीतरी..."

"काय न्हाई म्हून लिव्हा. पैसं त्येचंच हायेत."

मी लिहिलं. पुढचा रकाना होता, आलेल्या अडचणी. गेणभाऊंनी विचार केला आणि म्हणाले, "बबन." तेही लिहिलं. दसरा झाल्यावर मॅडम माळ बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, सगळ्या जिल्ह्यातला एवढा अचूक अहवाल दुसरा नाही. गेणभाऊंनी त्यांना चंडोलाचं घरटं लांबून दाखवलं, ससा बसतो ती जागा दाखवली आणि शेवटी दगडावर बसवून त्यांच्या सलवारीची कुसळं काढायला यमुनाकाकूंना बोलावलं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं म्हणावं, तर तसं नव्हतं. त्याला कारण आक्का.

आक्का म्हणजे गेणभाऊंची थोरली बहीण, चिमाबाई. पारनेरकडं दिलेली. त्यांच्याकडं अजून मेंढरं आहेत. दिवाळी झाली की तिकडचे कळप कोकणाच्या वाटेला लागतात, ते आमच्या रस्त्यानं माळशेजकडं जातात. पुढं मेंढरं, मागं घोड्यांवर लादलेलं बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या, आणि सगळ्यांच्या मागं काठी घेऊन आक्का. दर वर्षी आक्काचा कळप गेणभाऊंच्या माळावर तीन दिवस बसायचा. भाऊबीज पंचांगात कधीही असो, गेणभाऊंकडं ती आक्का येईल त्या दिवशी व्हायची. मी लहानपणापासून बघतोय, ते तीन दिवस गेणभाऊ वेगळेच असायचे. बोलायचे. आक्का त्यांना "गेण्या" म्हणायची आणि ज्वारीच्या भरल्या गोणीवर बसलेल्या भावाला विचारायची, जेवलास का. तिनंच त्यांना वाढवलं होतं. आई लवकर गेली, तेव्हा आक्का दहा वर्षांची आणि गेणभाऊ दीडएक. कळपामागं चालताना तिनं त्यांना पाठीवर बांधून नेलं होतं, असं ती सांगायची. "लई जड व्हता," एवढंच म्हणायची.

करार झाला त्याच वर्षी, कार्तिकात, आक्का आली. मी बांधावर होतो. मेंढरं सवयीनं माळाकडं वळली आणि गेणभाऊ आडवे उभे राहिले. हात पसरून. मला आधी वाटलं चेष्टा करतात.

खरं सांगायचं तर सही करताना त्यांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी चराई बंद म्हणून वाचलं तेव्हा त्यांनी मान हलवली होती, ती गावच्या गाई-म्हशी डोळ्यांपुढं आणून. "आक्काची मेंढरं चरायला थोडीच येत्यात," ते मला नंतर म्हणाले, "ती म्हायेरपणाला येत्यात." पुढं पहिल्या अहवालासाठी कागद पुन्हा वाचत होतो तेव्हा मीच त्यांना ते दाखवलं होतं. जनावर या शब्दात मेंढी धरलीय, असं त्या कलमात स्पष्ट होतं. मी दाखवायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

रस्त्यात उभं राहून गेणभाऊंनी आक्काला सगळं सांगितलं. संस्था, कागद, पाच वर्षं. आक्कानं ऐकलं. माळाकडं बघितलं. गवत गुडघ्याएवढं झालं होतं, तिनं इतकं गवत तिथं कधी बघितलं नसेल.

"बरं," ती म्हणाली आणि मेंढरांना हाळी दिली.

दाजी, म्हणजे तिचे यजमान, काही बोलायला बघत होते, पण ती पुढं निघाली होती. यमुनाकाकू ओवाळणीचं ताट घेऊन धावत रस्त्यापर्यंत आल्या. आक्कानं उभ्या उभ्या भावाला ओवाळलं, लुगडं घेतलं, घोड्यावर टाकलं आणि गेली. तीन दिवसांची भाऊबीज पाच मिनिटांत झाली.

मी त्या दिवशी गेणभाऊंना म्हटलं, अहो, बसू द्यायची होती. मॅडम येणार जानेवारीत. कुणाला कळतंय?

"बबनला," ते म्हणाले. "माळावर एक लेंडी गावली, तर कागद मोडला म्हून सोमवारी जेसीबी हुबा करील." मग म्हणाले, "आन सही मी केलीया, कारकून."

जानेवारीत मॅडमना विचारून बघितलं. त्या चांगल्या बाई होत्या, त्यांना वाईट वाटलं. पण एकाला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागेल, म्हणाल्या. पाच वर्षं होऊ द्या, मग बघता येईल. गेणभाऊंनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी मॅडमना चंडोल दाखवला नाही.

दुसऱ्या वर्षी कार्तिक आला. गेणभाऊ आठ दिवस रस्त्याकडं तोंड करून खडकावर बसले. आक्का आली नाही. मग बेल्ह्याच्या बाजारात कुणीतरी सांगितलं, तिचा कळप पलीकडच्या रस्त्यानं कधीच गेला. तो रस्ता लांबचा, आणि दोन्ही बाजूंना द्राक्षं, कुंपणं. मेंढरू टेकवायला जागा नाही. गेणभाऊंनी ऐकून घेतलं, बोरं घेतली आणि घरी आले. ती बोरं त्यांनी खाल्ली नाहीत. यमुनाकाकूंनी आमच्याकडं पाठवून दिली.

त्यानंतर गेणभाऊ माळावर जायचे, पण फडकं तसंच परत यायचं. अहवालाच्या वेळी अडचणींच्या रकान्यात काय लिहू म्हटलं, तर म्हणाले, काय लिव्हू नका. मी रकाना रिकामा ठेवला. मॅडमना वाटलं असेल, अडचण सुटली.

तिसऱ्या वर्षी त्यांनी आणखी एक चमत्कारिक गोष्ट केली. विहिरीजवळचा एकराचा तुकडा, सगळ्यात चांगली जमीन, दर वर्षी जिथं कांदा लागायचा, तिथं त्यांनी भाद्रपदात मका पेरला. रोपवाटिकेतलं तयार कांद्याचं रोप शेजाऱ्यांना देऊन टाकलं. मका कशाला? कुणाला काही सांगेनात. लोकांनी ठरवलं, दूधवाल्यांना हिरवा चारा विकणार. गेणभाऊंनी मक्याला खत घातलं, वेळेवर पाणी दिलं, खुरपणी स्वतः केली. काही न करणाऱ्या माणसाला इतकं काम करताना बघून गाव चकित झालं. त्यातच त्या वर्षी कांद्याचा भाव चढला. बबन आला आणि मक्याच्या कडेला उभा राहून अर्धा तास बोलला. माळ तर बांधून ठेवलात, आता बागायतीचंही वाटोळं करा, म्हणाला. त्याचाही राग खोटा नव्हता. गेणभाऊ त्याचं बोलणं होईपर्यंत थांबले आणि मग पाटाचं पाणी बघायला गेले.

दिवाळी झाली आणि गेणभाऊ माळावर जायचे बंद झाले. सकाळी उठून थेट बेल्ह्याच्या रस्त्याला, जिथून ते दोन रस्ते फुटतात त्या फाट्यावर जाऊन उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी यमुनाकाकू माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, जरा बघून या. शाळेला सुट्टी होती. मी सायकलनं गेलो. गेणभाऊ एका मोरीच्या कठड्यावर बसले होते. मीही बसलो.

बराच वेळ ट्रक मोजण्यात गेला. मग मी विचारलं, एवढा माळ राखायचा सोस कशाला धरलात? दर न विचारता सही केलीत. गवताचं एवढं काय?

"गवताचं काय न्हाई," गेणभाऊ म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. वडील वारले तेव्हा सातबाऱ्यावर दोन नावं लागली, गेणभाऊ आणि चिमाबाई. आमच्याकडं रीत अशी, की बहिणीनं हक्कसोड करून द्यायचा. आक्का जुन्नरला कचेरीत आली. पाटी-पुस्तक तिनं कधी बघितलं नव्हतं. साहेबानं विचारलं, बाई, जमिनीतला हिस्सा खुशीनं सोडता ना? ती हो म्हणाली आणि अंगठा दिला. बाहेर आल्यावर गेणभाऊंनी तिला विचारलं, आक्का, तुला काय पायजे ते सांग. ती म्हणाली, काय नको. वाटंवर तीन दिस टेकायला तेवढी जागा ऱ्हाऊ दे.

"त्ये कुटं लिवलेलं न्हाई," गेणभाऊ म्हणाले. "बबनला सांगितलं तर हसंल. त्याला कागद लागतो. पुण्याची बाई कागद करते म्हनली, मला वाटलं झालं, माळ वाचला. आता बगा. माळ वाचला, आन माजी आक्का रस्त्यानं चालली."

तो कागद मीच वाचून दाखवला होता.

चार वाजता धूळ दिसली. कळप पलीकडच्या रस्त्याला वळतच होता. गेणभाऊ उठले आणि पुढच्या एडक्याला सरळ मिठी मारून त्याला आमच्या रस्त्याकडं फिरवलं. मेंढरं एडक्यामागं आली, घोडी मेंढरांमागं आली, आणि शेवटी आक्काला यावं लागलं. ती आणखी वाळली होती. "गेण्या, सोड, मला लांब जायचंय," म्हणाली. गेणभाऊंनी ऐकलं नाही. दोन मैल ते एडक्याचं शिंग धरून पुढं चालले आणि मी सायकल हातात धरून सगळ्यांच्या मागं.

माळ आला. गेणभाऊ थांबले नाहीत. कळप त्यांनी माळाच्या कडेनं खाली घेतला, विहिरीकडं. तिथं मक्याभोवती काट्यांचं कुंपण होतं, ते ओढून बाजूला केलं आणि एडका आत ढकलला. मका डोक्याएवढा, कणसं धरलेली. एडक्यानं एक पान ओढलं आणि मग सगळा कळप आत घुसला.

आक्का दाजींना काहीतरी सांगत होती. तिनं ते बघितलं आणि हातातलं गाठोडं टाकून, लुगडं वर खोचून, काठी घेऊन ती मक्यात धावली. "हाऽड, हाऽड" करत पाठी झोडपायला लागली. जन्मभर तिनं हेच केलं होतं. वाटेवरच्या लोकांच्या पिकातून मेंढरं बाहेर काढायची. त्यासाठी शिव्या खाल्ल्या होत्या, मार खाल्ला होता, कपाळावर एक जुनी खोक होती ती त्यातलीच. गेणभाऊ तिच्यामागं धावले आणि काठी धरली.

"खाऊ दे, आक्का."

"आरं कणसं धरल्यात. लोकाचं पीक हाय."

"लोकाचं न्हाई. तुजं हाय."

आक्का त्यांच्याकडं बघत राहिली. "मी अंगठा दिलाय की रं," ती म्हणाली.

"तू दिलास," गेणभाऊ म्हणाले. "माज्याच्यानं घेववला न्हाई."

तिनं काठी सोडली. पण तिला तिथं उभं राहवेना. एकेक कणीस मोडल्याचा आवाज आला की तिचा हात काठीसाठी हलायचा. शेवटी ती मक्याकडं पाठ करून पाटाच्या कडेला बसली. "मला न्हाई बगवत," म्हणाली. गेणभाऊही तिच्या शेजारी, तसेच पाठ करून बसले. आक्कानं विचारलं, जेवलास का. ते नाही म्हणाले. तिनं गाठोडं ओढून घेतलं आणि त्यातली भाकरी मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली.

मी निघायला हवं होतं. पण मीही सायकल आडवी टाकली आणि रस्त्याकडं तोंड करून बसलो. पाठीमागं मेंढरं खात होती.